टंचाईत पार्ट आधी कोणाला द्यावा?

एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने शेती अवजारांच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची दुकाने टाळेबंदीतून वगळली, तेव्हा आमचे शटर वर गेले खरे; परंतु सील, बेअरिंग, क्लच प्लेट बनवणारे कितीतरी कारखाने बंदच होते. पुढे २०२१ मध्ये कंटेनर आणि चिप यांचा तुटवडा आला. मराठवाड्यात ट्रॅक्टर डीलरकडे पार्ट विभाग सांभाळताना या काळात माझे एक मत पक्के झाले: माल कमी असताना नंबर लावून पार्ट देऊ नये, ज्याचे काम अडले आहे, त्याला आधी द्यावा.

त्यासाठी जॉब कार्डवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, ट्रॅक्टर चालू आहे की उभा, आणि त्याच्यावाचून कोणते काम खोळंबले आहे, हे मेकॅनिकने लिहिलेच पाहिजे. हायड्रॉलिकमधून तेल पाझरत असले, तरी पातळी राखून काही दिवस ट्रॉली ओढता येते. पण लिफ्ट अवजारच उचलत नसेल, तर पेरणी यंत्र घेऊन रानात वळताही येत नाही. दोघांना हवा असतो तोच सील किट. वाफसा कोणासाठी थांबत नाही, म्हणून तो किट पेरणीवाल्याला द्यावा, मग ट्रॉलीवाला ग्राहक कितीही जुना आणि मोठा असो. त्याला हे समोर बसवून, कारणासह सांगावे.

माल कोठेच मिळत नसेल, तर विक्रीसाठी उभ्या असलेल्या नव्या ट्रॅक्टरचा पार्ट काढून देणे मला पेरणीच्या तोंडावर योग्य वाटते. विक्री विभागाची नाराजी रास्त असते. म्हणूनच चेसिस क्रमांकासह त्याच दिवशी नोंद व्हावी आणि बदली पार्ट बसवून तपासणी झाल्याशिवाय तो ट्रॅक्टर कोणालाही देऊ नये.

डुप्लिकेट मालाबाबत मात्र मी तडजोड करत नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना उत्सर्जनाचे कडक निकष लागू झाले आणि त्यांत खूप उच्च दाबाने डिझेल फवारणारी कॉमन रेल इंजिने आली. त्यांच्या इंजेक्टरला, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागाला, डिझेलमधील बारीक कचराही सोसत नाही, त्यामुळे फिल्टरवर वाचवलेले पैसे इंजेक्टरच्या बिलात कितीतरी पटींनी जातात.

आणि तारीख खरी सांगावी. ‘उद्या येईल’ या शब्दावर शेतकरी थांबतो. पार्ट आठवडाभर येणार नाही हे वेळेवर कळले, तर तो भाड्याचा ट्रॅक्टर लावून पेरणी उरकू शकतो.