आठवा रकाना

रविवार, ९ जून २०१९. हर्नडन, व्हर्जिनिया.

ओव्हलवरची भारत-ऑस्ट्रेलिया मॅच इथल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाचला सुरू होणार म्हणून गजर लावून उठलो. हिने चहा करून दिला तो बोलत बोलतच. धवनने ११७ काढल्या. चेंडू अंगठ्यावर बसला होता, तरी गडी हलला नाही. फिल्डिंगला मात्र आला नाही. आपले ३५२, ऑस्ट्रेलियाचे ३१६. वरणभात जेवलो आणि आता ताणून द्यावी म्हटलं, तर नातू वही घेऊन दारात उभा. "आबा, चार-दहाला आहे." सॅन डिएगोला नॅशनल्सची, म्हणजे इथल्या वॉशिंग्टनच्या बेसबॉल टीमची मॅच.

वही माझीच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इथे आलो तेव्हा नातू घुम्यासारखा बसलेला. नॅशनल्सचा ब्राइस हार्पर ३३ कोटी डॉलर घेऊन १३ वर्षांसाठी फिलाडेल्फियाला गेला होता आणि त्याच्या जाण्याचं दुःख ओसरायच्या आत टीममधल्याच ट्रे टर्नरचं बोट मोडलं, बंट मारायला (बॅट आडवी धरून चेंडू हळूच ढकलायला) जाताना. पोराला बोलतं कसं करावं कळेना, म्हणून म्हटलं, तुमच्या या खेळात स्कोअर कसा लिहितात ते तरी दाखव. सांगलीत वीस-बावीस वर्षं क्लबांच्या मॅचचा स्कोअर लिहिलाय. बँकेत दिवसभर खतावणी आणि रविवारी शामियान्यात स्कोअरबुक, दोन्ही सारखंच काम. ज्या गावात विजय हजारे जन्मले तिथे एवढं तरी यायलाच हवं.

तर यांची तऱ्हा अशी: प्रत्येक बॅटरला एक आडवी ओळ, प्रत्येक इनिंगला एक उभा रकाना (इनिंग नऊ, प्रत्येकीत दोन्ही टीमची पाळी), आणि घराघरात छोटा तिरपा चौकोन, मैदानासारखा; कोपरे म्हणजे बेस. बॅटर जिथवर पोचला तिथवरच्या बाजू गिरवायच्या. फिरून निघाल्या कोपऱ्याला आला की चौकोन भरून काळा करायचा, तो एक रन. फिल्डरना नावं नाहीत, आकडे आहेत. शॉर्टस्टॉपने उचलला, सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्टला, दोघं बाद: ६-४-३. तीन स्ट्राइक, म्हणजे तीन चुका, झाल्या की बॅटर बाद, त्याला इंग्रजी के लिहायचा; बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक गेला तर के उलटा काढायचा. हे मला फार आवडलं. आपल्याकडे सहा टिंबं जोडून मेडनचा एम करतो, त्यातलीच गंमत.

सगळ्या मॅच नाही लिहिल्या. १६२ असतात, माणसाने कामं कधी करायची? पण वीसेक झाल्या असतील, आणि आज सगळी पानं पुन्हा चाळली तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. मे महिन्यातल्या पानांवर समोरच्या टीमच्या बाजूला आठवा रकाना काळाकुट्ट आहे.

न्यूयॉर्कचीच घ्या, मेट्सबरोबरची. २२ मे: आपला पिचर, म्हणजे बॉलर, शर्झर सहा इनिंग टाकून गेला (त्याचा एक डोळा निळा आणि एक तपकिरी, हे नातवाने दाखवल्यापासून मी त्याच्या बॉलिंगपेक्षा डोळेच बघतो), आपण १-० ने पुढे, आणि आठव्यात मेट्सनी सहा रन केले. त्यातले तीन राजाय डेव्हिसने एका फटक्यात. हा गृहस्थ पेनसिल्व्हेनियाहून टॅक्सी करून मॅच सुरू झाल्यावर मैदानात पोचला होता! २३ मे: आपण ४-३ ने पुढे, पुन्हा आठवा, मेट्सच्या गोमेझचा तीन रनांचा होमरन (त्यांचा षटकारच म्हणा, बेसवरचे दोघंही घरी आले). आपला हाउवी केंड्रिक अंपायरशी वाद घालून बाहेर, त्याची बाजू घेणारे मॅनेजर मार्टिनेझही बाहेर. चारच्या चार मॅच हरलो. १९ जिंकलेल्या, ३१ हरलेल्या. ऑफिसातली मंडळी मार्टिनेझना घरी पाठवा म्हणतात, असं जावईबापू सांगत होते.

दोष आठव्याचा नव्हे, बुलपेनचा, म्हणजे राखीव पिचरांचा. सुरुवातीचा पिचर सहा-सात इनिंग टाकतो, मग राखीवातले येतात, आणि या टीमचे राखीव म्हणजे भोकं पडलेली गाळणी. आपल्याकडे मार खाल्लेल्या बॉलरला कॅप्टन तासाभराने दुसऱ्या एंडने परत आणतो, त्याला अब्रू सावरायची संधी मिळते. इथे एकदा काढला की त्या दिवसापुरता संपला. त्यामुळे एक चुकला की दुसरा, दुसरा चुकला की तिसरा, आणि रकाना भरत जातो. डुलिटल तेवढा भरवशाचा, तर २२ तारखेला तोही फुटला.

न्यूयॉर्कची शेवटची मॅच हरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी २४ मे, शुक्रवार. तिकिटं आधीच काढलेली. मी म्हटलं, जाऊ दे, घरीच बसू. नातू म्हणाला, तिकीट काढलंय ना मग? यावर काय बोलणार! रेस्टनहून सिल्व्हर लाइन, लांफांत प्लाझाला ग्रीन लाइन, नेव्ही यार्डला उतरलो. पारदर्शक पिशवीत हिने दिलेल्या भाजीपोळीच्या गुंडाळ्या. चौथ्या इनिंगला मोठमोठ्या डोक्यांची राष्ट्राध्यक्षांची सोंगं पळतात, ते पाहिलं. समोर मायामी, तीही पडकीच टीम. तरी रन असे निघत होते की माझी पेन्सिल बोथट झाली. मायामीचे चौकोन काळे करता करता वैतागलो, आणि मग आठव्या इनिंगला आपला सोटो आला. वीस वर्षांचं पोर. चेंडू न मारता सोडला की पाय घासत पिचरकडे असं बघतं, जणू घरमालक भाडेकरूकडे बघतोय. त्याने तीन रनांचा होमरन मारला, त्याच्यामागून अ‍ॅडम्सनेही मारला. १२-१०. शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंनी नातवाला टाळी दिली आणि मग मलाही. मेट्रोत परत येताना पाहिलं, आमच्या बाजूचा आठवा रकाना वहीत पहिल्यांदाच इतका काळा झाला होता.

त्यानंतर सगळंच गोड झालं असं नाही. मधे मधे हरलेच. पण हरणंही वेगळं दिसायला लागलं, बहुतेकदा एखाददुसऱ्या रनाने हरायचे, सहसा ढासळायचे नाहीत. सिनसिनाटीत शर्झरने आठ इनिंग टाकल्या, पंधरा जणांना के. आठव्या इनिंगला बुलपेनची गरजच पडू दिली नाही, हाही एक उपायच की! बुधवारी शिकागोविरुद्ध नवव्यात टर्नरने होमरन मारून मॅच संपवली. त्याचं बोट अजून पूर्ण बरं नाही म्हणतात. सकाळी धवनचा अंगठा बघताना मला तेच आठवलं. कधी मोडलेल्या बोटानेच माणूस नीट खेळतो. हे हिला सांगितलं तर म्हणाली, तुम्ही धड बोटांनी भाजी चिरा.

आणि आज. स्ट्रासबर्गने सात इनिंग छान टाकल्या. १-१. आठवी सुरू झाली तसा नातू मांडी घालून टीव्हीच्या अगदी जवळ सरकला. पिचरच्या जागी बॅटिंगला केंड्रिक, तोच, न्यूयॉर्कला बाहेर काढलेला, पस्तीस वर्षांचा. होमरन. मी चौकोन भरायला घेतला. भरून होतोय तोवर टर्नर, होमरन. अहो थांबा, असं मी टीव्हीला म्हणालो. ईटन, होमरन. मग रेंडन, आणि त्याचाही गेला. लागोपाठ चार! बॉलिंग टाकणारा स्टॅमन एकेकाळी याच टीमचा, त्याची मान अशी खाली गेली की वाईट वाटलं. जावईबापू वरच्या मजल्यावरून धावत आले, काय पडलं म्हणून विचारायला.

चौथा चौकोन नातवाने भरला. रेघेबाहेर गेला जरा, पण मी खोडलं नाही. ५-२ ने जिंकलो.

हिशेबाला पक्का माणूस म्हणून लिहून ठेवतो: अजूनही हरलेल्या मॅच जिंकलेल्यांपेक्षा जास्त आहेत. बुलपेन तीच आहे. ही टीम सुधारली असं म्हणायला खाली एवढी एकच ओळ लिहिलेली पुरत नाही, आणखी वीस पानं भरावी लागतील. सांगलीत एका सीझनला आम्ही सलग चार मॅच जिंकून मग सलग सहा हरलो होतो, तीही वही घरी माळ्यावर आहे.

रात्री सांगलीला फोन केला. पाऊस काल केरळात पोचला म्हणाले, आपल्याकडे अजून नुसता उकाडा.

जेवताना नातवाने विचारलं, आबा, तुम्ही जाणार कधी? तिकीट २८ सप्टेंबरचं. सीझन संपतो २९ ला. एक मॅच राहते, मी म्हटलं. तो म्हणाला, पण ऑक्टोबर? ऑक्टोबरमध्ये फक्त पहिल्या काहीच टीम खेळतात, हे त्यानेच मला एप्रिलमध्ये शिकवलं होतं. मुलगी हसायला लागली. मी काही बोललो नाही. नंतर हात धुताना जावईबापूंना सहज विचारलं, तारीख बदलून घ्यायला किती पडतात?