पुन्हा तोच वाडगा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागताना समितीने सोबत एक प्रश्नही पाठवला: शाळेत शिकलेलं पुढे काय कामाला आलं? मला फार विचार करावा लागला नाही. कित्ता कामाला आला.

सुलेखनाच्या तासाला बाई फळ्यावर एक ओळ लिहायच्या आणि पान भरेपर्यंत आम्ही ती गिरवायचो. वही परत देताना त्या चुकलेल्या अक्षरांवर खुणा करत नसत. जमलेल्या एखाद्या अक्षराभोवती गोल काढायच्या. दुसऱ्या दिवशी तेच अक्षर आमचा कित्ता. दुसऱ्याचं वळण गिरवता गिरवता स्वतःचं वळण कधी तयार होतं, ते मी तिथे पाहिलं.

मी आता स्टुडिओ पॉटर आहे. माती कालवण्यापासून भट्टी उघडेपर्यंतची सगळी कामं एका लहानशा कार्यशाळेत मी स्वतः करते. कलावंताचं आयुष्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथे फारसं काही नाही. दिवसाचा मोठा भाग माती मळण्यात, उरलेली माती भिजवून पुन्हा कामाजोगी करण्यात आणि साफसफाईत जातो. तीही ओल्या फडक्यानेच करायची. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसांत साचली तर कायमचं दुखणं मागे लागतं. म्हणून कोरडा झाडू कार्यशाळेत चालत नाही.

चाकावर बसायच्या आधी मी मातीचे सारख्या वजनाचे गोळे तोलून फळीवर मांडते. मग वाडगा. पुन्हा तोच वाडगा. माती चाकाच्या मध्यावर स्थिर करायची, अंगठ्याने उघडायची, भिंत वर ओढायची, कड ओल्या चामड्याने गुळगुळीत करायची, तारेने कापून फळीवर ठेवायचा. फळी भरली की थोडं लांब जाऊन बघायचं. गोळे सारखे, हात तोच, तरी एकाचं पोट जास्त भरलेलं असतं, एकाची कड किंचित बाहेर झुकलेली असते. त्यांतला एखादा असा उतरतो की त्याच्यावरून नजर हलत नाही. तो पुढच्या फळीचा कित्ता. बाईंनी काढलेला गोल आता मला काढावा लागतो, एवढाच फरक.

सर्जनशीलता म्हणजे रोज काहीतरी नवं सुचणं, असं हल्ली मुलांना फार लवकर सांगितलं जातं. मला ते पटत नाही. आकार आधी डोक्यात येतो आणि मग हात तो मातीत उतरवतात, असा माझा अनुभव नाही. हात तेच ते करत असताना मातीचा एखादा कल जाणवतो, हात त्याच्या मागे जातात आणि आकार थोडासा सरकतो. बरंच काम झाल्यावर मागे वळून पाहिलं तर वाडगा पूर्णपणे बदललेला असतो. ठरवून बदललेले आकार मला पुढे बहुधा आवडेनासे होतात. असे सरकत आलेले टिकतात.

शोजी हामादा (१८९४–१९७८) या जपानी कुंभाराचं काम मला म्हणूनच फार जवळचं वाटतं. १९२० साली इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्याबरोबर ते इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज गावी गेले आणि दोघांनी तिथे कार्यशाळा उभारली. पुढे जपानला परतून ते माशिको गावात स्थिरावले. ओकिनावात पाहिलेल्या उसाच्या ताटाची एक साधी आकृती त्यांनी काढली आणि तीच आयुष्यभर भांड्यांवर रंगवत राहिले. चार-पाच फटकारे, बस. पण उसाची अशी कुठलीही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा, वारा दोन्हींत वेगळा आहे. जपानला परतल्यावर भांड्यांवर स्वतःची खूण करणं त्यांनी सोडून दिलं. १९५५ मध्ये जपानने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला, तरी भांडी बिननावाचीच राहिली. मी मात्र बुडाला शिक्का मारते. भांड्याला काही झालं तर कोणाकडे यायचं, हे वापरणाऱ्याला कळायला हवं.

ल्युसी री याही कुंभारच, पण त्यांची वाट निराळी होती. १९०२ साली व्हिएन्नात जन्मलेल्या या बाई १९३८ मध्ये नाझींपासून जीव वाचवून लंडनला आल्या. युद्धाच्या काळात त्यांनी फॅशनच्या कपड्यांसाठी मातीची बटणं बनवली. ढिगांनी बटणं, आणि प्रत्येकाचा रंग कापडाशी जुळायला हवा. पोटापाण्याचं काम म्हणून त्यांच्या चरित्रात हा भाग पटकन उरकला जातो. मला तो मधोमध ठेवावासा वाटतो. रंग जुळवायचा तर झिलईची, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाची, पाककृती थोडी थोडी बदलून पुन्हा पुन्हा भाजून बघावी लागते. पुढच्या त्यांच्या पातळ, उंच बैठकीच्या वाडग्यांवर जे रंग दिसतात, त्यांमागे ही घासलेली नजर आहे असं मला वाटतं. कच्च्याच भांड्यावर झिलई लावून विजेच्या भट्टीत एकदाच भाजायची त्यांची रीत होती. १९४६ मध्ये मदतनीस म्हणून आलेल्या हान्स कोपर यांना तेव्हा मातीकाम येतही नव्हतं. पुढे ते स्वतः मोठे कलावंत झाले.

आता भट्टीविषयी, कारण रसायनशास्त्राच्या सरांचं ऋण तिथे आहे. ऑक्सिडीकरण आणि क्षपण ही जोडी त्यांनी आमच्याकडून समीकरणांसकट घोटून घेतली होती. गॅसच्या भट्टीत हवा कमी केली की ज्योत झिलईतल्या धातूंच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेते. भरपूर हवेत हिरवं होणारं तांबं मग लाल होतं. थोडंसं लोह असलेली झिलई पिवळट न होता निळसर हिरवी उतरते. भट्टीची झडप किती सरकवली आणि भांडं कुठल्या कोपऱ्यात होतं, यावरही रंग ठरतो. स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखं घट्ट होणारं भांडं, साधारण १२५० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतं. वाटेत ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते फुगतात. थंड होताना त्याच टप्प्यावर ते पुन्हा आकसतात. तिथे घाई केली तर भांडं तडकतं. ओल्या मातीपासून पक्क्या भांड्यापर्यंत लांबी-रुंदी दहा-बारा टक्क्यांनी घटते, म्हणून चाकावरचा वाडगा मोठाच काढावा लागतो.

आगीचा हा वाटा मी मनापासून मान्य केला आहे. पण आगीने काय केलं हे समजायचं तर तोच वाडगा, तीच झिलई पुन्हा भट्टीत जायला हवी. दर वेळी सगळंच नवं असेल, तर झालेला बदल हाताचा, मातीचा की ज्योतीचा, हे कसं कळणार? प्रत्येक भट्टीची नोंद मी शाळेतल्या प्रयोगवहीसारखीच ठेवते: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.

शाळेत मातीकामाचा वर्ग सुरू करायचा विचार आहे, असं समितीच्या पत्रातून कळलं. फार आनंद झाला. चाकांची घाई करू नका. आधी माती मळायला भक्कम टेबल घ्या, आणि भांडी सावकाश वाळतील अशी सावलीतली फडताळं करा. हात धुवायला पाण्याच्या बादल्या ठेवा, त्यांत गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच मोरीत सोडा, नाहीतर नळ्या तुंबतील. झिलई शिशाविरहितच आणा. भट्टी लहान आणि विजेची पुरे. आणि पहिल्या सत्रात मुलांकडून एकच वाडगा करून घ्या, हाताने दाबून केलेला, तळहातात मावेल एवढा, दर आठवड्याला तोच. मुलं कंटाळतील तेव्हा त्यांचे आधीचे वाडगे त्यांच्यासमोर ओळीने मांडा आणि त्यांनाच बघू द्या. त्या तासाला मला बोलवा, मी येईन.