तुझं बरंय रे

शिंद्या डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांवर पहारा देणाऱ्या माजी सैनिकांच्या दलात, लागला. काल फोनवर बोलता बोलता म्हणाला, "तुझं बरंय रे, घरबसल्या पेन्शन." मनात काही ठेवून नाही म्हणाला, तेवढी अक्कल त्याला कधीच नव्हती. पण रात्रभर तेच डोक्यात.

काय बरंय?

नोकरीत असताना डीएससीवाल्यांना आम्हीच हसायचो. डेपोच्या नाहीतर एअरफोर्स स्टेशनच्या गेटवर उभे असायचे, आम्ही म्हणायचो म्हातारी पलटण. आता त्याच म्हाताऱ्या पलटणीच्या भरतीच्या अटी मी मन लावून वाचतो. माजी सैनिक पाहिजे, आहे. वय बसतं. कॅरेक्टर चांगलं. मेडिकल कॅटेगरी शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. इथे अडलं. मन, कान, डोळे, बाकी तब्येत, सगळं आजही एक नंबर आहे. शेपमधला 'ए' म्हणजे हातपाय. हात दोन्ही चांगले, पाय एक चांगला. राहिला एक गुडघा, आणि त्याच्यापायी अख्खा माणूस बोर्ड आऊट, मेडिकल बोर्डाने अनफिट म्हणून घरी पाठवलेला.

त्या दिवशी बोर्डाच्या खोलीबाहेर बाकावर... जाऊ दे.

गुडघा आता चालतो, खरंच. उकिडवं बसता येतं, जिना चढता येतो, पहाटे पळूनही येतो. ही काही बोलत नाही, फक्त फ्रीजमध्ये बर्फाची पिशवी तयार ठेवते. तिचं न बोलणं शिंद्याच्या बोलण्यापेक्षा जड जातं.

लोक गोरखा रायफल्सच्या मेजर जनरल इयान कार्डोझो साहेबांचं उदाहरण देतात. १९७१ च्या लढाईत सुरुंगावर पाय पडला, स्वतःच्या खुकरीने तो कापला, आणि पुढे बटालियन, ब्रिगेड दोन्ही सांभाळल्या. सलाम आहे. पण ते आत राहून भांडले. मला कागद हातात देऊन गेटबाहेर सोडलंय, आता भांडू कोणाशी? आणि आमचा हुद्दा तो केवढा.

रात्री कपाट उघडलं तर वेगळीच गंमत दिसली. एका फाईलीत लिहिलंय, अपंगत्व २० टक्के, कायमचं. पेन्शनच्या हिशेबात ते ५० धरतात, म्हणजे सरकारदरबारी मी निम्मा मोडलेला. दुसऱ्या फाईलीत माझा अर्ज, त्यात मी पूर्ण तंदुरुस्त. दोघी एकाच कप्प्यात, एकीवर एक. कधी एकमेकींशी बोलल्या तर माझी धडगत नाही. एकटाच हसलो.

पण मग हवंय काय मला? गेटवर रात्रपाळी करायची हौस नाही. पैशाचं म्हणाल तर... ते राहू दे. मला वाटतं, तो कागद तेवढा बदलून हवाय. डॉक्टर साहेबांनी गुडघा दाबून बघावा आणि खाली 'फिट' लिहावं. मग म्हणाले घरी जा, तरी मुकाट्याने घरी येईन.

खोटं. नाही येणार. ट्रंक उचलून सरळ आत जाईन.

अर्ज तर टाकतोच. पुन्हा अनफिट म्हणाले तर म्हणू देत, पेन्शनची फाईल तरी खरी ठरेल.