आईच्या दोन पिशव्या

आईकडे दोन पिशव्या होत्या. एकीत रुग्णालयाची फाइल, केसपेपर आणि मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या. दुसरीत दादरच्या वैद्यांकडच्या पुड्या, सिंहनाद गुग्गुळ आणि महारास्नादी काढ्याची बाटली. ज्या दिवशी जिथे जायचं, तिथली पिशवी घेऊन ती निघायची. परळच्या आमच्या चाळीपासून दोन्ही ठिकाणं जवळच, पण तीन वर्षांत दोन्ही पिशव्या एकदाही सोबत घराबाहेर पडल्या नाहीत.

आजार एकच, सांध्यांचा. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणत, वैद्य आमवात म्हणत. सकाळी उठल्यावर तासभर आईची मूठ मिटायची नाही, लाटणं धरता यायचं नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिने सोमवार ठरवला होता, तो कधी चुकला नाही. दही आणि उडीद बंद, हे वैद्यांचं पथ्यही ती तितक्याच निष्ठेने पाळायची.

गेल्या पावसाळ्यात नेहमीच्या रक्ततपासणीत तिचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा आकडा, 148 आलं. लॅबने वरची मर्यादा 40 दिली होती. रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, “आजी, आणखी काही औषध चालू आहे का?” आई म्हणाली, “नाही.” मी शेजारीच बसले होते आणि गप्प राहिले. त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

आई खोटं बोलणारी बाई नाही. पूर्वी एका डॉक्टरांनी तिच्या हातातली पुडी टेबलावर टाकून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “हा पालापाचोळा खायचा असेल तर माझ्याकडे येऊ नका.” आणि त्याही आधी एका वैद्यांनी “ती गोळी सोडा, मगच औषध देतो” असं सांगितलं होतं. तिने गोळी सोडली, आणि दोन महिन्यांत दोन्ही मनगटं सुजून आली. तेव्हापासून ती दोघांपासूनही लपवायला शिकली. डिसेंबर 2020 मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना 58 शस्त्रक्रिया शिकवण्यावरून आयएमएने, म्हणजे ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने, बंद पुकारला, तेव्हा टीव्हीवरचा तो वाद मला फार लांबचा वाटला होता. प्रत्यक्षात तो आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर येऊन बसला होता.

त्या रात्री मी आईला घेऊन यादी करायला बसले. काय, किती, केव्हापासून. गोळ्या झाल्या, पुड्या झाल्या, आणि शेवटी ती सहज म्हणाली, “आणि सकाळचा गुळवेलीचा काढा.” कोविडपासून ती तो रोज घेत होती. वेल चाळीमागच्या कडुनिंबावर चढलेली, सगळेच तोडून नेत. तिला ते औषध वाटतच नव्हतं, म्हणून वैद्यांनाही सांगितलेलं नव्हतं.

गुळवेल म्हटल्यावर मी थबकले. 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती खोडून काढताना म्हटलं होतं, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल. आणि याच परळमध्ये, केईएम रुग्णालयात, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि शल्यविशारद डॉ. रवी बापट यांनी मिळून पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांवर गुळवेलीचा अभ्यास केला होता. त्यांचा निबंध 1993 मध्ये आला. म्हणजे एका सर्जनने आणि औषधशास्त्राच्या प्राध्यापिकेने ही वेल रुग्णांना देऊन, मोजमाप करून, लिहून ठेवलं होतं. आमच्या घरात मात्र कुणीच काही मोजत नव्हतं.

आधी मी वैद्यांकडे गेले आणि पुड्यांमधली द्रव्यं लिहून मागितली. ते बराच वेळ पेन हातात धरून बसले. “लिहून दिलं की सगळा दोष माझ्या माथी येईल,” म्हणाले. मी आईचा रिपोर्ट पुढे ठेवला. तो वाचल्यावर त्यांनी लेटरहेडवर प्रत्येक द्रव्य लिहिलं, शास्त्रीय नावासह. गुळवेल आजच बंद करा, असं बजावलं. कुणी ओळख न पटवता तोडलेली वेल रोज पिणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

पुढच्या ओपीडीला आई पहिल्यांदा दोन्ही पिशव्या घेऊन आली. मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. “हे आधी का नाही सांगितलंत?” आईने पालापाचोळ्याची गोष्ट सांगितली. मॅडम थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आजी, पुडीवर नाव नसलं की मला भीती वाटते. आत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. नाव कळलं की विचार करता येतो.”

त्यांनी मेथोट्रेक्सेटसकट सगळंच थांबवलं. ते आठवडे आईने फार सोसलं. रात्री गरम पाण्याची पिशवी हातात धरून बसायची. सहा आठवड्यांनी एसजीपीटी 36 आलं. मग कमी मात्रेत मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झाली, आणि आकडा वर गेला नाही. गुळवेलीच्या काढ्यावरचा संशय वाढला, सिद्ध काहीच झालं नाही. मॅडमनी तेच तसंच केसपेपरवर लिहिलं, ते मला आवडलं.

गेल्या महिन्यात वैद्यांना सुंठीचं चूर्ण सुरू करायचं होतं. त्यांनी आधी मॅडमच्या नावे चिठ्ठी दिली. तिच्याच मागच्या बाजूला मॅडमनी लिहून पाठवलं: हरकत नाही, चार आठवड्यांनी एसजीपीटी करून दोघांनाही दाखवा.