तुम्ही विचारलंत म्हणून: ए६००० की ई-एम५ मार्क टू?

"सोनीचा ए६००० कॅमेरा घेऊ की ऑलिम्पसचा ई-एम५ मार्क टू?" एक माझ्याकडे आहे, दुसरा ताईकडे, आणि दोन्ही मी भरपूर वापरलेत, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. येऊ दे. पण विचारणाऱ्याला सगळे आकडे माझ्यापेक्षा चांगले पाठ असतात. एक २०१४ चा, दुसरा २०१५ चा. एक २४ मेगापिक्सेल, दुसरा १६. एकाचा सेन्सर (लेन्समागे उजेड टिपणारा भाग) मोठा, दुसऱ्याची बॉडी धुळीला आणि पाण्याच्या शिंतोड्यांना दाद न देणारी. सेकंडहँड चांगल्या अवस्थेतला मिळतोय, उद्यापर्यंत कळवायचंय. आणि मी तोंड उघडायच्या आत "मला तर सोनीच बरा वाटतो" हेही बोलून झालेलं असतं. मी मान डोलावते, आणि नंतर स्वतःशीच चिडत बसते.

म्हणून आता एकदाच, सविस्तर.

पूर्वी मी एका ओळीत मोकळी व्हायचे: पळणाऱ्यासाठी सोनी, बसणाऱ्यासाठी ऑलिम्पस. ही ओळ आजही खोटी नाही, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे वाचून तुम्ही म्हणाल की बाई पलटी मारतेय.

ए६००० च्या सेन्सरवरच फेज डिटेक्शनचे १७९ बिंदू आहेत. समोरची वस्तू फोकसच्या पुढे आहे की मागे, आणि साधारण किती, हे त्या बिंदूंना कळतं. लेन्स सरळ तिकडे जाते. शिवाय फोकस धरत धरत सेकंदाला ११ फोटो. ई-एम५ मार्क टू मध्ये फक्त कॉन्ट्रास्ट डिटेक्शन आहे. म्हणजे रेडिओची खुंटी फिरवून स्टेशन लावण्यासारखं: आवाज स्वच्छ होत जातो, पण स्टेशन मागे पडून खरखर सुरू झाल्याशिवाय आपण नेमके त्यावर होतो हे कळत नाही, मग परत मागे यायचं. समोरचा माणूस स्वस्थ बसला असेल तर हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं आणि फोकस अगदी नेमका बसतो. तोच माणूस तुमच्याकडे धावत येत असेल, तर लेन्स मागे येईपर्यंत तो पुढे गेलेला असतो. ऑलिम्पसही सेकंदाला १० फोटो काढतो, पण फोकस पहिल्या फोटोला गोठवून. फोकस बदलत राहायचा असेल तर ५.

उलट बाजूला ऑलिम्पसचं स्टॅबिलायझेशन. सेन्सर पाच अक्षांवर हलून तुमच्या हाताची थरथर खाऊन टाकतो. कंपनीचा दावा ५ स्टॉपचा आहे, एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ. कागदावर त्याचा अर्थ असा की जिथे शटर स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) १/६० सेकंद लागायचा तिथे अर्ध्या सेकंदाला हातात धरून फोटो निघेल. अर्धा सेकंद मला दर वेळी जमत नाही, पण धबधब्याचं पाणी दुधासारखं करून खडक मात्र टोकदार, तेही ट्रायपॉडशिवाय, असे फोटो मी काढलेत. ए६००० च्या बॉडीत यातलं काहीच नाही. लेन्समध्ये असेल तर असेल. सोबत येणाऱ्या १६-५० एमएम लेन्समध्ये आहे. पण त्या कॅमेऱ्यासाठी ज्याची सगळे शिफारस करतात (आणि मीही केली) त्या सिग्माच्या ३० एमएम एफ १.४ लेन्समध्ये नाही. (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो.)

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला माहीत होतं. आता जे मी विचारणाऱ्यांना कधी सांगत नाही ते.

ताईने मला विचारलं तेव्हा तिचा मुलगा सतत मैदानावर असायचा. मी म्हटलं, ए६००० घे. घेतला. मुलाचे फोटो झकास आले. पुढे मुलाने खेळ सोडला, आणि बाबांचा कंपवात वाढला. ताई संध्याकाळी बाबांजवळ बसायची आणि त्यांचे फोटो काढायची. फ्लॅश नको, त्यांचे डोळे दिपायचे. उजेड म्हणजे उशाजवळचा एक दिवा. आणि प्रत्येक फोटोत बाबांचे हात पुसल्यासारखे.

तिने मला फोनवर सुनावलं. "तुझ्या कॅमेऱ्यात ते स्टॅबिलायझेशन का काय ते आहे. मला तू बिनास्टॅबिलायझेशनचा घ्यायला लावलास." मी म्हटलं, तू मुलासाठी विचारलं होतंस. ती म्हणाली, "अगं, कॅमेरा काय एका माणसासाठी घेतात का?"

मी ऑलिम्पस घेऊन गेले. खरं सांगायचं तर बाबांना भेटायला कमी आणि मुद्दा सिद्ध करायला जास्त. कारण मला उत्तर माहीत होतं. स्टॅबिलायझेशन कॅमेरा धरणाऱ्याचा हात थांबवतं. समोर बसलेल्याचा नाही. कंपवातात स्वस्थ ठेवलेला हात सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा हलतो. १/१५ सेकंदाला फोटो काढलात तर तेवढ्यात हाताचा एका हेलकाव्यातला तिसरा हिस्सा होऊन जातो. मग सेन्सर कितीही अक्षांवर नाचला तरी तो हात टिपूच शकत नाही. ताईचा कॅमेरा ए मोडवर (एफचा आकडा आपण द्यायचा, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) असायचा, आणि तिथे ए६००० आपणहून १/६० च्या आसपास येऊन थांबतो. हातांसाठी तेही कमीच.

तर मी माझा कॅमेरा तिच्या हातात दिला. २५ एमएम लेन्स, एफ १.८, १/१५ सेकंद, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ६४०. स्क्रीन बाजूला उघडून तिने बाबांच्या डोळ्यावर बोट टेकवलं, फोटो निघाला. चेहरा लख्ख. भुवईतले दोन लांब केस, चादरीची वीण, मांडीवरच्या वर्तमानपत्रातला मथळा, सगळं वाचता येईल असं. आणि वर्तमानपत्रावर दोन धुरकट ढग. ते हात.

"बघ," मी म्हटलं. त्या "बघ"मध्ये जेवढा विजय होता तेवढा नसता तरी चाललं असतं.

मग मी तिचा सोनी घेतला. एस मोड (इथे शटर स्पीड आपण ठरवायचा), १/२५०, एफ १.४, आयएसओ ६४००. फोटो खरबरीत आला, भिंतीवर रंगीत ठिपके, दिव्याच्या मागचा अंधार मातकट. पण हात स्वच्छ. नखं, शिरा, अंगठा तर्जनीवर टेकलेला. कंपवातात अंगठा आणि बोट सतत काहीतरी वळत असल्यासारखी फिरतात, त्यातला एक क्षण नेमका धरला होता. मी स्क्रीन मोठी करून ताईसमोर धरली. म्हटलं, कॅमेऱ्यात काही कमी नव्हतं, शटर स्पीड कमी होता.

ताईने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे बाबांचे हात नाहीत. हे कुणा धडधाकट माणसाचे हात आहेत."

मला राग आला. मी वाद घातला, बाबांच्या समोर, हे आजही बोचतं. म्हटलं, तुला टोकदार हात हवे होते ना, हे घे. ती म्हणाली, हवे होते, पण आता दिसले तर नकोत. ढगवाला फोटो दाखवून म्हणाली की बाबा असे आहेत. मी म्हटलं, ते बाबा नाहीत, ती चुकलेली एक्स्पोजर सेटिंग आहे. आम्ही दोघी बोलत होतो आणि मधे बाबा बसले होते. शेवटी त्यांनी हात पुढे केला, दोन्ही कॅमेरे मागितले, सावकाश पाहिले, आणि सोनीतला फोटो दाखवून म्हणाले, "मला हा पाठव."

बाबा आता नाहीत. ताईने ढगवाला फोटो मोठा करून लावलाय. माझं म्हणणं आजही असं की बाबांनी ज्याची निवड केली तो लावायला हवा होता. तिचं म्हणणं, त्यांनी निवडला तो त्यांच्यासाठी, आपण बघणार तो आपल्यासाठी. यावर आमचं एकमत झालेलं नाही, होईलसं वाटतही नाही.

तर "पळणाऱ्यासाठी सोनी, बसणाऱ्यासाठी ऑलिम्पस" लिहिणाऱ्या त्या जुन्या मला आज विचारावंसं वाटतं: बाबा कुठल्या खान्यात? ते बसलेलेच होते. ती म्हणेल, हात हलत होते म्हणजे पळणारे धर. मग चेहरा? चेहरा स्थिर होता, नुसता चेहरा हवा असता तर ऑलिम्पसचा फोटो कितीतरी सरस होता. एकाच माणसाच्या एकाच फोटोत दोन्ही कॅमेरे बरोबर होते. आणि ती ओळ लिहिताना मी स्टाईलचा विचार करत होते: स्ट्रीट, पोर्ट्रेट, लँडस्केप. प्रत्यक्षात फोटोमागे फोटो एकच हिशेब असतो. या चौकटीत काय हलतंय, माझा हात की समोरचं?

या हिशेबाने पाहिलं तर बाकीची उत्तरं पटापट सुटतात. लँडस्केप, जुन्या वास्तू, देवळाचा अंधारा गाभारा: ऑलिम्पस, विचारूच नका. त्यात एक हाय रेस मोड आहे, सेन्सर किंचित सरकवत ८ फोटो काढून ४० मेगापिक्सेलचा एक बनवतो. मात्र ट्रायपॉड लागतो आणि वाऱ्याने पानं हलली की त्या जागी विचित्र जाळी उमटते, म्हणजे पुन्हा तेच. रात्रीच्या रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा, आतषबाजी, ताऱ्यांची फिरती वर्तुळं काढायची असतील तर त्याचा लाइव्ह कंपोझिट मोड मला फार आवडतो. पहिल्या फोटोनंतर फक्त नव्याने उजळलेला भाग त्यात भरत जातो, त्यामुळे बाकीचं चित्र पांढरं पडत नाही आणि फोटो भरताना स्क्रीनवर दिसत राहतो.

फुलांचे, किड्यांचे जवळून फोटो? तिथे लोक स्टॅबिलायझेशन पाहून ऑलिम्पसकडे धावतात आणि वाऱ्याची झुळूक विसरतात. पक्षी फांदीवर असेल तर ऑलिम्पसवर ७५-३०० एमएमची लेन्स लावा, लहान सेन्सरमुळे ६०० एमएमसारखी जवळची चौकट मिळते आणि गळ्यात ओझं होत नाही. उडाला की सोनी. नाच, नाटक, लहान मुलं, कुत्री: सोनी. आणि पोर्ट्रेटमध्ये मागचं जास्त पुसट हवं असेल तर मोठ्या सेन्सरमुळे सोनीला थोडं झुकतं माप.

स्ट्रीटसाठी, म्हणजे रस्त्यावरच्या फोटोंसाठी म्हणाल तर दोन्ही चालतात. एरवी मी सोनी म्हटलं असतं, तो लहान आणि हलका, बॅटरी-कार्डासकट ३४४ ग्रॅम. दुसरा ४६९. पण सोनीची स्क्रीन फक्त वर-खाली वाकते, टच नाही, आणि मेनूत कुठली गोष्ट कुठे आहे हे मला अजून दर वेळी शोधावं लागतं. बॅटरीच्या बाबतीत दोघं सारखेच गरीब, जास्तीची खिशात ठेवायचीच.

सोनीच्या बाजूचा एक मुद्दा मी पूर्वी कमी लेखायचे. नॉईज (हा खरबरीतपणा) काढणारी सॉफ्टवेअर आता इतकी सुधारलीत की बाबांचा तो आयएसओ ६४०० चा खरबरीत फोटो परवा मी पुन्हा रॉमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून) काढला तर भिंत गुळगुळीत झाली. हललेला हात मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरला अजून खात्रीने परत आणता येत नाही. म्हणजे जुने कॅमेरे जसे आणखी जुने होतायत तसं पारडं सोनीकडे झुकतंय, असं म्हणावं लागेल. म्हणायला जिवावर येतं, कारण ऑलिम्पस माझा आहे, आणि पावसाळी हवेत सील असलेली लेन्स लावून निर्धास्त फिरता येतं ते सुख मला सोडवत नाही. शिवाय २०२१ मध्ये ऑलिम्पसचा कॅमेऱ्याचा धंदा ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे गेला तेव्हा अनेकांनी हळहळत सांगितलं की आता हे सगळं संपलं. माझा कॅमेरा चालूच आहे. हो, चालू केला की आतून बारीक घूं ऐकू येतं. तो बिघाड नव्हे, स्टॅबिलायझेशनचा आवाज. सेकंडहँड बघायला गेलात की घाबरू नका.

परवा ताईचाच फोन आला. सोनी बदलायचा म्हणतेय, कुठला घेऊ? मी लगेच नाव नाही घेतलं. म्हटलं, आधी सांग, कशाचे फोटो काढणार आहेस?

"अगं, ते आत्ता कसं सांगू?" ती म्हणाली. "ते ठरवून कुणी कॅमेरा घेतं का?"