रशियन ड्रॉइंग्ज इंग्रजीत आणताना

भाषांतराचं हे काम आलं ते सुट्या भागांच्या निमित्ताने. उत्तरेतल्या एका जुन्या औष्णिक वीजकेंद्रात सोव्हिएत बनावटीचा टर्बाइन अजून फिरत होता. त्याच्या बॉयलरला पाणी देणारा पंप आणि आजूबाजूचं पाइपिंग यांचे भाग इथेच बनवून घ्यायचं ठरलं आणि ऑर्डर भोसरीतल्या एका वर्कशॉपला मिळाली. ड्रॉइंग्ज आणि चालवण्याची पुस्तिका रशियनमध्ये. नेव्हेली, ओब्रा, पत्रातू, भिलाई, बोकारो अशा ठिकाणी सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या यंत्रांमुळे अशी कामं अधूनमधून निघत असतात. मी रशियन शिकले ते पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, कथा-कादंबऱ्या मुळातून वाचायच्या हौसेने. यंत्रांशी माझा संबंध मिक्सरपुरता.

सुरुवातीचा भाग सोपा गेला. सोव्हिएत ड्रॉइंग्ज एकाच साच्यातली असतात. उजवीकडे खाली चौकट, तिच्यात स्केल, वजन, पानाचा क्रमांक आणि कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. हा साचा गोस्त नावाच्या सरकारी मानकांनी ठरवून दिलेला, त्यामुळे एका चौकटीचं भाषांतर झालं की बाकीच्यांना तेच लावायचं. मोजमापांत दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, तो टिंबात बदलायचा. ‘पाहा’ या अर्थाचं संक्षिप्त रूप दिसायला थेट सेंटिमीटरसारखं असतं. एकदा माहीत झालं की त्रास नाही.

खरा त्रास रोजच्या शब्दांनी दिला. पाइपिंगच्या यादीत पदोपदी ‘अर्मातूरा’ येत होतं. बांधकामाच्या कागदांत याचा अर्थ काँक्रीटमधल्या लोखंडी सळ्या. पाइपिंगमध्ये याच शब्दात सगळ्या प्रकारचे व्हॉल्व्ह येतात. ‘क्रान’ म्हणजे यारी, म्हणजे क्रेन, आणि क्रान म्हणजे तोटीचा कॉकही. ‘कन्देन्सातर’ तर पुस्तिकेच्या पहिल्या भागात वाफेचं पाणी करणारा कंडेन्सर होता आणि विजेच्या प्रकरणात गेल्यावर वीज साठवणारा कपॅसिटर. ‘दोपुस्क’ ड्रॉइंगवर टॉलरन्स असतो, म्हणजे मापात चालणारा फरक. सुरक्षेच्या प्रकरणात तोच शब्द कामाच्या परवान्यासाठी. भाषांतराच्या सॉफ्टवेअरला ‘एकदा ठरवलेला शब्द सगळीकडे लाव’ असं सांगायची सोय असते. या चार शब्दांसाठी ती सोय मी बंद ठेवली आणि प्रत्येक जागी ड्रॉइंग उघडून पाहिलं.

सगळ्यात फसवा मात्र ‘कन्त्रोल’. कंट्रोलसारखाच ऐकू येतो, म्हणून बोट आपसूक तिकडेच जातं. पण रशियन तंत्रभाषेत त्याचा अर्थ बहुतेकदा तपासणी किंवा लक्ष ठेवणं असा असतो. नियंत्रणाला ‘उप्राव्लेनिये’ किंवा ‘रेगुलिरोवानिये’ म्हणतात. बेअरिंगच्या तापमानाचा ‘कन्त्रोल’ म्हणजे तापमान वाचत राहायचं, वाढलं तर कळवायचं. तिथे इंग्रजीत कंट्रोल लिहिलं असतं तर इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस नसलेला व्हॉल्व्ह शोधत बसला असता. माझ्या मते या क्षेत्रात अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे वाटणारे शब्दच जास्त नुकसान करतात. अवघड शब्दापाशी माणूस थांबतो तरी.

भागांची नावं लावताना वर्कशॉपच्या फोरमनचा खूप आधार झाला. रशियन कारखान्यातल्या लोकांनी भागांना घरातली आणि गोठ्यातली नावं दिली आहेत. रॅचेटचा पॉल, म्हणजे दातेरी चाक उलटं फिरू न देणारा खटका, तो ‘सबाच्का’, कुत्री. बोटांनी फिरवायचा पंखांचा विंग नट म्हणजे ‘बराशेक’, कोकरू. पंपाचं गोल वळत जाणारं आवरण म्हणजे ‘उलीत्का’, गोगलगाय. पिन म्हणजे ‘पालेत्स’, बोट. यांना ठरलेले इंग्रजी शब्द आहेत. ‘सुखार’ मात्र अडला. सुखार म्हणजे चहाबरोबर खायचा टोस्ट. कोशांनी त्याला अर्धा डझन अर्थ दिले होते आणि प्रत्येक अर्थ वेगळ्या यंत्रातला. मी ड्रॉइंग घेऊन भोसरी गाठली. फोरमनने कागद उलटसुलट फिरवला, भाग कापून आतून दाखवणाऱ्या सेक्शनवर नख ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, हे दोन अर्धे तुकडे आहेत. दांड्याच्या खाचेत बसतात आणि वरचा भाग सरकू देत नाहीत. आम्ही याला स्प्लिट रिंग म्हणतो.” त्याला रशियनचं एक अक्षर येत नव्हतं. त्यानंतर प्रत्येक शंकेच्या शेजारी मी भागाचं काम लिहून न्यायला लागले: काय धरतो, काय अडवतो, कशात बसतो. उत्तरं पटापट मिळायला लागली.

पोलादाच्या ग्रेडचं भाषांतर करायचंच नसतं, हे मला कामात उतरल्यावर कळलं. ‘१२-खा-१८-एन-१०-ते’ हा एक नेहमीचा ग्रेड. सुरुवातीचे १२ म्हणजे जास्तीत जास्त ०.१२ टक्के कार्बन, खा म्हणजे क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास, एन म्हणजे निकेल १०, ते म्हणजे थोडं टायटॅनियम. अडचण अक्षरांच्या दिसण्यात आहे. रशियन एन दिसतो इंग्रजी एचसारखा, सिलिकॉनचा एस दिसतो सीसारखा, टंगस्टनचा वे दिसतो बीसारखा. इंग्रजीच वाचणारा माणूस सी पाहून कार्बन समजणार आणि बी पाहून बोरॉन. शिवाय टाइप करणाऱ्याने इंग्रजी कीबोर्डवरून ग्रेड उतरवला तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण संगणकाच्या शोधात तो सापडत नाही. मी ग्रेड होता तसा ठेवला, त्याच्या पुढे इंग्रजी लिपीतला उच्चार दिला आणि शेजारी ‘जवळचा ग्रेड’ असा वेगळा रकाना केला. या ग्रेडसाठी तिथे ३२१ स्टेनलेस असं आलं.

त्या रकान्यावरून थोडा वाद झाला. खरेदी विभागाला मूळ ग्रेड काढून फक्त ३२१ हवं होतं, कारण पुरवठादार तेच विचारतात. मी नकार दिला. ‘जवळचा’ आणि ‘तोच’ यात फरक आहे आणि तो फरक चालेल का हे धातुतज्ज्ञाने ठरवायचं, भाषांतरकाराने नाही. शेवटी दोन्ही रकाने राहिले. याच यादीत साध्या कार्बन पोलादाच्या नावामागे ‘स्प’ आणि ‘क्प’ अशी शेपटं होती. ‘स्प’ म्हणजे शांत, ‘क्प’ म्हणजे उकळणारं. ओतण्याआधीच ऑक्सिजन काढून टाकला की पोलाद गोठताना बुडबुडे येत नाहीत, ते शांत राहतं. रशियन ज्याला शांत म्हणतात त्याला इंग्रज किल्ड, म्हणजे मारलेलं, म्हणतात. माणसं धातूलाही स्वभाव चिकटवतात.

दाबाच्या आकड्यांत ‘अता’ आणि ‘अती’ अशी दोन एककं होती. मराठी कानाला गंमत वाटते, पण फरक गंभीर आहे. अता म्हणजे निर्वातापासून मोजलेला दाब, अती म्हणजे वातावरणाच्या वरचा, गेजवर दिसणारा. टर्बाइनचं नाव के-१००-९० असं होतं: कंडेन्सिंग, १०० मेगावॅट, ९० अता. ९० मध्ये एकाचा फरक फारसा जाणवत नाही. पण डीएरेटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा काढणाऱ्या टाकीचा, दाब १.२ अता लिहिलेला होता, म्हणजे गेजवर जेमतेम ०.२. तिथे १.२ गेज लिहून दिलं असतं तर शेजारी छापलेलं १०४ अंश तापमान जुळलंच नसतं. मी दाबाचा प्रत्येक आकडा वाफेच्या तक्त्याशी, म्हणजे कोणत्या दाबाला किती तापमान ते देणाऱ्या कोष्टकाशी, ताडून पाहिला. अता-अतीमध्ये कोणाचा तरी गोंधळ मूळ पुस्तिकेतही झालेला एके ठिकाणी सापडला. तिथे मूळ आकडा तसाच ठेवून खाली टीप दिली.

हल्ली बहुतेक एजन्सीज यंत्राने केलेलं भाषांतर पाठवतात आणि “फक्त नजर फिरवा” म्हणतात. दरही नजर फिरवण्याचाच असतो. वाक्यं खरोखर चांगली उतरलेली असतात, पुस्तिकेतली लांबलचक सूचना यंत्र माझ्यापेक्षा वेगाने करतं, हे मान्य. पण भागांच्या यादीत एकेक सुटा शब्द असतो, त्याला मागेपुढे वाक्य नसतं, आणि चित्र यंत्राला दिलेलंच नसतं. म्हणून काम घेण्याआधी मी आता ड्रॉइंग्ज मागते. नुसती यादी आली आणि ड्रॉइंग्ज गोपनीय आहेत असं सांगितलं गेलं, तर शंकांना उत्तर देणाऱ्या इंजिनिअरचा नंबर मागते. दोन्ही मिळत नसेल तर ती यादी परत पाठवते.