तीन काने आणि एक चौकोन

"ताई, फार काही नको, सिंपल पाहिजे." असं कुणी म्हणलं की मी आधी पाणी पिऊन घेते. यावेळी म्हणणारी होती एक गायिका, तिला अल्बमचं कव्हर करून हवं होतं. पहिलाच अल्बम, खर्च स्वतःच्या खिशातून, सगळी गाणी घरातल्याच खोलीत भिंतींना गाद्या लावून रेकॉर्ड केलेली, आणि अल्बमचं नाव 'पागोळ्या', म्हणजे छपराच्या कडेवरून पडणाऱ्या पावसाच्या धारा. सिंपलच्या पाठोपाठ जी यादी आली त्यात वाडा होता, पाऊस होता, तानपुरा होता, मांजर होती (हो, मांजर) आणि वर "व्हिंटेज पण आजचं वाटलं पाहिजे" हेही होतं. तिच्या आईची फर्माईश वेगळीच, फोटो हवाच आणि तोही पैठणीत, कारण लोकांना कळायला नको का कोण गातंय.

काकूंचं पूर्ण चुकतंय असं नाही. पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली तर भावगीतांच्या जुन्या रेकॉर्डी दिसतात, बऱ्याच कव्हरांवर गायकाचा चेहराच असतो, आणि तो चालायचा कारण ते गायक लोकांना रेडिओवरून आधीच माहीत असायचे आणि कव्हर होतं 12 इंचांचं, म्हणजे 30 सेंटिमीटर, हातात धरून निवांत बघायचं. मग कॅसेट आली, कर्वे रोडला अलूरकरांच्या कॅसेटच्या दुकानात उभं राहून त्या चिमुकल्या कव्हरमागची बारीक अक्षरं वाचायचो. मग 12 सेंटिमीटरची सीडी. आता गाण्यांच्या ॲपसाठी फाईल पाठवायची 3000 बाय 3000 पिक्सेलची आणि ऐकणारा ती बघणार अंगठ्याच्या नखाएवढी, तीही स्क्रोल करता करता. त्या नखावर अनोळखी चेहरा म्हणजे फक्त एक चेहरा. पैठणीचे काठ तर सोडाच.

त्यामुळे मी पहिल्या भेटीतच सांगून टाकलं की चेहरा कव्हरवर नको, तुझ्या आर्टिस्ट प्रोफाईलला तोच फोटो मोठा लावू. काकू गप्प बसल्या पण पटलं नव्हतं हे दिसत होतं. (पैठणीतला फोटो प्रोफाईलला लागलाय, छान आलाय, त्या खूष आहेत.)

मग उरलं काय, तर अक्षरं. आणि इथे देवनागरीची खरी गंमत आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षरं सगळी एका उंचीची, चौकोनात ठोकून बसवता येतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, रफार, खाली उकार, रुकार, त्या सगळ्यांना जागा सोडायची म्हणजे मूळ अक्षराचा गाभा लहानच होतो. शब्द बारीक केला की आधी अनुस्वार बुजतो, मग जोडाक्षरांचा लगदा होतो. बरेच जण इथे हात टेकतात आणि नाव रोमनमध्ये टाकून मोकळे होतात. मराठी अल्बम आणि कव्हरवर इंग्रजी स्पेलिंग, मला ते बघवत नाही, असो.

खरं तर हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच सोडवून झालाय. नाटकांची नावं रेखाटणारे अक्षरकार कमल शेडगे आठवा. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती एकाखाली एक दाटीवाटीने लागायच्या, जागा टीचभर, छपाई काळीपांढरी, कागद शाई पिणारा, आणि त्यात शेडगेंनी काढलेलं नाटकाचं नाव लांबून ओळखू यायचं. वाचायच्या आधीच ओळखू यायचं, मुद्दा हा आहे. नावालाच एक आकार असायचा, आणि तो आकार डोक्यात बसला की पुढच्या रविवारी डोळा आपोआप तिकडे जायचा. शेडगे 2020 मध्ये गेले. डिझाईन शिकणाऱ्या पोरांना पिंटरेस्टवरचे पोलिश पोस्टर पाठ असतात आणि हे नाव माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

तर 'पागोळ्या'. आडवा शब्द, चौकोनी जागा. एका ओळीत लिहिला की वरखाली नुसतं मोकळं मैदान आणि अक्षरं बारीक. दोन ओळीत तोडला तर? वर 'पा' आणि खाली 'गोळ्या'. तिच्या भावाने बघितलं आणि म्हणाला "मेडिकलवाल्याचा अल्बम आहे का?" संपला विषय. शिरोरेषेला थेंब लटकवायचे ही कल्पनाही कागदावर आली, पण ती कुणालाही सुचेल आणि नखाच्या साईजला ते थेंब म्हणजे स्क्रीनवरची घाण वाटते.

मग शब्द नुसता भिंतीवर लावून ठेवला आणि बघत बसले. पा, गो, ळ्या. तिन्हीत काना आहे. बाकी सगळी अक्षरं आपापल्या जागी ठेवली, ठसठशीत, आणि हे तीन काने तेवढे खाली ओढले, पार चौकोनाच्या खालच्या कडेपर्यंत. शिरोरेषा वर डावीकडून उजवीकडे सलग, दोन्ही कडांना टेकलेली. झालं, चौकोन भरला, पाऊसही आला आणि एकही थेंब काढावा लागला नाही. फोनवर नखाएवढं केलं तर शब्द धड वाचता येत नाही पण वर एक पट्टी आणि तिच्यातून निघालेल्या तीन रेघा लगेच दिसतात, आणि मला तेवढंच हवं होतं.

हे कॉम्प्युटरवर ओढलं तर काने एकदम लोखंडी गज दिसत होते. म्हणून शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद घेतला, अप्पा बळवंत चौकातून पसरट ब्रश आणि काळी शाई, आणि कागद किंचित ओला करून वरून खाली एका दमात ओढत सुटले. हातकागदावर शाई कडेने फुटते, केसासारखे बारीक धागे निघतात. ब्रशमधली शाई संपत आली की रेघ विरळ होते आणि मधून कागदाचा दाणा दिसायला लागतो. तळाला पोचताना काना असा विरून जायला हवा होता, त्यासाठी जमिनीवर इतका कागद पसरला होता की घरात चालायला जागा नव्हती. चांगले निघालेले काने निवडून स्कॅन केले.

रंगाचं म्हणाल तर तिला काळं हवं होतं. बहुतेक लोकांचं ॲप डार्क मोडमध्ये असतं, काळं कव्हर त्यात विरघळून जातं, चौकोनाची कडच दिसत नाही. शिवाय स्पॉटिफाय कव्हरमधलाच रंग उचलून मागे पसरवतं. म्हणून जुन्या वाड्याच्या दगडी जोत्यावर पावसाळ्यात चढतं ते शेवाळ, तो हिरवा घेतला, अक्षरं सायीच्या रंगाची. वाडा हवा होता ना तिला, आला की. मांजर मात्र नाही आली.

अपलोडची कटकट थोडक्यात सांगते. चौकोनी जेपीजी, आरजीबीमध्ये (स्क्रीनचे रंग), सीएमवायके (छपाईचे रंग) नाही. कव्हरवर इन्स्टा हँडल, वेबसाईट, क्यूआर कोड, किंमत, "आता ऐका" असलं काहीही टाकायचं नाही, गाणी ॲपवर पोचवणारे डिस्ट्रिब्युटर परत पाठवतात. कव्हरवरचं नाव आणि फॉर्ममध्ये भरलेलं नाव जुळलं पाहिजे.

आणि पैशाचं. "कव्हर केलंस ना, आता तेच टीशर्टवर टाकू" हे वाक्य येतंच, तिनेही म्हणलं, मी हो पण म्हणलं, पण कागदावर. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे, हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी, मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अल्बम जगभर ऐकू येणार आणि कायमचा राहणार, म्हणजे हे न लिहिण्यात डिझायनरइतकाच गायकाचाही तोटा आहे. आम्ही पानभर साध्या मराठीत लिहिलं, कव्हर, पोस्टर, टीशर्ट, जगभर, कायमचं, आणि पैसे निम्मे आधी. ती म्हणाली ओळखीत कशाला एवढं. म्हणलं ओळख आहे म्हणूनच.

फॉन्टचं विचारणाऱ्यांसाठी, खाली कोपऱ्यात तिचं नाव 'मुक्ता'मध्ये आहे, 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, खुशाल वापरा. वरचं 'पागोळ्या' हा फॉन्ट नाहीये, त्यामुळे "लिंक दे ना" असे मेसेज करू नका.